अंतर ३,२८० किलोमीटर, वेळ साडेचार तास (फक्त हिशोबात)

दोन विमानतळांमधलं अंतर काढणं हे आमच्या धंद्यात अगदी किरकोळ काम समजलं जातं. नव्याने आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात काय द्यायचं असा प्रश्न पडला की असलंच काहीतरी देतात. दोन अक्षांश, दोन रेखांश, एक सूत्र, आणि गोलावरचं कमीत कमी अंतर हातात. मग त्याला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं, उडायला-उतरायला अर्धा तास वर टाकायचा आणि छापायचं 'प्रवासाचा वेळ'. झालं काम, चला चहाला.

माझं म्हणणं असं आहे की यातला पहिला आकडा खरा असतो आणि दुसरा बहुतेक वेळा थाप असते. मुंबई-दिल्लीसाठी ही थाप खपून जाते. पण दोन लांबच्या बेटांचे विमानतळ घेतले की तिचं पितळ उघडं पडतं. आणि हा नुसता प्रोग्रॅमिंगमधला बारकावा नाहीये. त्या बेटांवरची माणसं रोज काय भोगतात तेच त्या आकड्यामागे झाकलं जातं.

एकच उदाहरण घेतो, पण पूर्ण घेतो. देश किरिबास. नकाशावर तुम्हाला किरिबाती असं दिसेल, पण तिथल्या भाषेत 'ती'चा उच्चार 'स'सारखा होतो. त्यामुळे त्या देशातलं किरितिमाती नावाचं बेट म्हणजे किरिसमास, अर्थात ख्रिसमस! कॅप्टन कुक १७७७ च्या नाताळात तिथे पोचला म्हणून हे नाव पडलं. प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेली ३३ बेटं, सगळी मिळून जमीन फक्त ८११ चौरस किलोमीटर, लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतबाहेर. आपल्याकडचे कित्येक तालुके याहून मोठे आहेत. पण ही जमीन ज्या समुद्रात विखुरली आहे तो समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आख्ख्या भारतापेक्षाही मोठा.

पश्चिमेच्या टोकाला राजधानी तारावा. विमानतळाचं नाव बोनरिकी. पूर्वेला किरिसमास, विमानतळ कॅसिडी. जमिनीच्या हिशोबाने जगातलं हे सगळ्यात मोठं कंकणाकृती प्रवाळबेट. देशाची जवळपास निम्मी जमीन या एका बेटावर आहे आणि वस्ती मात्र सात हजारांच्या आसपास. (गंमत म्हणजे या बेटावर लंडन आणि पॅरिस अशी दोन ठिकाणं खाडीच्या मुखाच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. पॅरिस आता ओसाड आहे. शिवाय पोलंड आहे आणि बनाना नावाचं गावही आहे.)

आता सूत्राला विचारूया. तारावा ते किरिसमास अंतर सुमारे ३,२८० किलोमीटर. शाळेत पाठ केलेलं आठवतंय? भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर. म्हणजे कन्याकुमारीपासून काश्मीरच्या वरच्या टोकापर्यंत जेवढं, त्याहून थोडं जास्तच. फरक एवढाच की मधे नागपूर नाही, भोपाळ नाही, काहीच नाही. नुसतं पाणी. वेळ? ३,२८० भागिले ८०० म्हणजे चार तास सहा मिनिटं, अधिक अर्धा तास. चार तास छत्तीस मिनिटं. छान. पुण्याहून नाशिकला एस.टी.ने जायला याहून जास्त वेळ लागू शकतो.

इथवर सगळं ठीक वाटतं. पण सूत्र लिहिणाऱ्यालाही ही जोडी सुखाने झोपू देत नाही. तारावा १७३ अंश पूर्वेला, किरिसमास १५७ अंश पश्चिमेला. पश्चिम रेखांश आपण उणे लिहितो. आता कुणी सरळ वजाबाकी केली तर फरक येतो ३३० अंश. खरा फरक आहे २९.५ अंशांचा. सपाट नकाशा समजून किलोमीटर काढले तर उत्तर येतं ३६ हजारांच्या वर, म्हणजे विमान जवळजवळ आख्खी पृथ्वी उलट्या बाजूने फिरून शेजारच्या बेटावर उतरणार! आणि मध्यबिंदू काढायला दोन रेखांशांची सरासरी घेतली तर तो येतो ८ अंश पूर्वेला. हे ठिकाण प्रशांत महासागरात नाहीच. ते आहे आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, प्रिन्सिपे बेटाजवळ. जो कोणी नकाशाचा प्रोग्रॅम लिहीत असेल त्याने ही जोडी टेस्ट केस म्हणून ठेवावी अशी माझी प्रेमळ शिफारस आहे.

घड्याळाची तर वेगळीच मजा. १८० अंशांच्या आसपास आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते हे आपण शिकलो. किरिबास १९७९ साली स्वतंत्र झाला तेव्हा ही रेषा देशाच्या मधून जात होती. तारावात सोमवार असला की किरिसमासला रविवार. तारावाच्या कचेऱ्यांना शनिवारी-रविवारी सुट्टी, पूर्वेकडच्या बेटांना तारावाच्या रविवारी-सोमवारी. म्हणजे एकाच सरकारच्या दोन कचेऱ्या एकाच वेळी उघड्या असायचे दिवस आठवड्यातून फक्त चार. शेवटी १९९४ संपून १९९५ सुरू होताना किरिबासने सरळ जाहीर केलं की आमच्या पूर्वेकडच्या बेटांवरचा एक दिवस गाळला, आता सगळा देश एकाच तारखेत. नकाशावर वाररेषेला पूर्वेकडे जो भलामोठा फुगा आलेला दिसतो तो यामुळे. तेव्हापासून तारावाचं घड्याळ ग्रिनिचच्या १२ तास पुढे आणि किरिसमासचं १४ तास पुढे.

याचा परिणाम बघा. हवाई बेटांवरचं होनोलुलु ग्रिनिचच्या १० तास मागे. किरिसमास १४ तास पुढे. बरोबर २४ तासांचा फरक, म्हणजे दोन्हीकडच्या भिंतीवरच्या घड्याळात तीच वेळ, पण वार वेगळा. समजा विमान किरिसमासहून बुधवारी संध्याकाळी सहाला उडालं आणि तीन तासांनी होनोलुलुला उतरलं, तर तिथे मंगळवारचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. ज्या प्रोग्रॅममध्ये पोचायच्या वेळेतून निघायची वेळ नुसती वजा केली असेल तिथे प्रवासाला लागलेला वेळ येईल उणे २१ तास. :)

असो. या झाल्या आमच्या धंद्यातल्या गमती. त्या नीट दुरुस्त करता येतात आणि केल्याही जातात. पण सगळं दुरुस्त केल्यावर जो साडेचार तासांचा आकडा उरतो, त्याचं काय? मला खरी अडचण इथे दिसते.

कित्येक वर्षं या देशाच्या राजधानीतून किरिसमासला विमानाने जायचं तर नेहमीचा रस्ता परदेशातून जात होता. तारावाहून फिजीतल्या नांदीला जायचं, साधारण २,१८० किलोमीटर दक्षिणेला. तिथे थांबायचं. मग नांदीहून होनोलुलुला जाणारं विमान वाटेत किरिसमासला उतरायचं, ते पकडायचं. तो टप्पा साधारण ३,५३० किलोमीटर. एकूण ५,७०० च्या वर. नांदी-किरिसमास फेरी आठवड्यातून एकदा. म्हणजे स्वतःच्याच देशात एका गावातून दुसऱ्या गावात जायला पासपोर्ट काढायचा, परक्या देशाच्या इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं, परक्या देशात लॉजचं भाडं भरायचं आणि पुढच्या विमानाची वाट बघायची. आपल्याकडे समजा कोल्हापूरच्या माणसाला गडचिरोलीला जायचं असेल आणि त्याला कुणी सांगितलं की बाबा रे, आधी कोलंबोला जा, तिथे चार दिवस रहा, तिथून गाडी आहे.. कसं वाटेल?

आणि हे पर्यटकांच्या सोयीचं नाही. तारावात संसद आहे, मंत्रालयं आहेत, देशाचं मुख्य हॉस्पिटल आहे. किरिसमासहून निवडून आलेल्या प्रतिनिधीला अधिवेशनाला तारावालाच जावं लागतं. सही-शिक्क्याचं काम असो, बदली असो, बहिणीचं लग्न असो की पेशंट असो, सगळं त्याच वाटेने. किरिसमासहून होनोलुलु सुमारे २,१५० किलोमीटर, म्हणजे स्वतःच्या राजधानीपेक्षा अमेरिकेचं शहर हजारावर किलोमीटर जवळ. आता सांगा, या माणसाला 'तारावा : ४ तास ३६ मिनिटं' असा आकडा दाखवणं हा विनोद नाही तर काय?

बरं, समजा थेट विमान आहे, पण आठवड्यातून एकदाच. मग खरा वेळ किती? नेटवर्कवाल्यांना हा हिशोब माहीत असतो. तुमचं काम कुठल्याही क्षणी निघू शकतं. आठवड्यात १६८ तास. सरासरी वाट बघणं त्याच्या निम्मं, म्हणजे ८४ तास. त्यात उड्डाणाचे साडेचार-पावणेपाच मिळवले की झाले सुमारे ८८ ते ८९ तास. ३,२८० किलोमीटरला एवढा वेळ म्हणजे वेग ताशी ३७ किलोमीटर. जेट विमानात बसून! आपली लाल डब्याची गाडी घाटातसुद्धा फार मागे पडणार नाही.

तुम्ही म्हणाल, माणसं काय स्टँडवर जाऊन वाट बघतात काय, वेळापत्रक बघूनच घरातून निघतात की. बरोबर आहे. पण आजार वेळापत्रक बघून येत नाही. आणि वेळापत्रक बघून गेलं तरी परत यायचं असतंच ना. तासाभराचं काम असलं तरी पुढचं विमान येईपर्यंत मुक्काम. पूर्वी खेड्यात संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकली की पाहुण्याकडे एक रात्र काढावी लागायची. इथे गाडी चुकली की आठवडा.

आता याच हिशोबातून निघालेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विमानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर किती वाचतं? वीस-बावीस मिनिटं. आणि समान अंतराने आठवड्याला दुसरी फेरी ठेवली तर? सरासरी वाट ८४ वरून ४२ तासांवर येते. बेचाळीस तास वाचले! म्हणजे बेटांच्या बाबतीत नवं, चकचकीत, वेगवान विमान आणण्यापेक्षा जुनंच विमान दोनदा सोडणं कितीतरी पट भारी. पण फोटो निघतो तो नव्या विमानाचा. वाढवलेल्या फेरीचा फोटो कसा काढणार?

अंतर भूगोलाने ठरतं असं आपण धरून चालतो. याच रेषेवरचा इतिहास वेगळं सांगतो. तारावा-किरिसमास रेषेच्या बरोब्बर मध्यावरून सरळ दक्षिणेला सुमारे पाचशे किलोमीटरवर कँटन नावाचं बेट आहे, तेही किरिबासचंच. १९४० च्या सुमाराला पॅन अमेरिकन कंपनीची पाण्यावर उतरणारी विमानं हवाईहून न्यूझीलंडला जाताना इथे थांबायची, कारण एका दमात तेवढं अंतर तोडायची त्यांची ताकद नव्हती. युद्धाच्या काळात इथे धावपट्टी झाली. युद्धानंतरही विमानं इंधन भरायला उतरायची. मग लांब पल्ल्याची जेट विमानं आली आणि कँटनची गरजच संपली. आज तिथे मोजकी माणसं राहतात. बेट तिथेच आहे, अक्षांश-रेखांश तेच आहेत, सूत्राचं उत्तरही तेच येईल. पण एके काळी महासागर ओलांडणाऱ्या हवाई रस्त्यावरचं हे ठिकाण आज जगातल्या सगळ्यात दुर्गम जागांपैकी एक आहे. आपल्याकडे हायवेला बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या गावाचं जे होतं, तेच झालं.

हा पाण्याचा तुकडा आहेही तसाच. अमेलिया इअरहार्ट २ जुलै १९३७ रोजी जे हाउलंड बेट शोधत असताना नाहीशी झाली, ते या रेषेपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये हवाईहून कँटनला निघालेलं, एडी रिकनबॅकर ज्यात होता ते अमेरिकन बॉम्बर विमान बेट न सापडल्यामुळे समुद्रात उतरवावं लागलं आणि त्यातली माणसं तीन आठवड्यांहून जास्त काळ छोट्या होड्यांवर तरंगत राहिली. दोन्ही वेळा अंतर माहीत होतं. अंतर माहीत असणं आणि पोचणं यात केवढा समुद्र असतो ते यातून कळतं.

आजही तो समुद्र वेगळ्या रूपात आडवा येतोच. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला नियम असा की एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात जवळच्या विमानतळावर पोचता आलं पाहिजे. विशेष परवानगी नसेल तर ही मर्यादा ६० मिनिटांची. तारावा-किरिसमासच्या मध्यावर विमान असेल तेव्हा दोन्ही टोकं १,६४० किलोमीटरवर. एका इंजिनावर तासाभरात तिथे पोचणं शक्य नाही. मग ती खास परवानगी हवी, त्यासाठी कंपनीची देखभालीची व्यवस्था त्या दर्जाची हवी, प्रशिक्षित वैमानिक हवेत. डिसेंबर २०१९ मध्ये किरिबासच्या सरकारी कंपनीने एम्ब्रेयर ई-१९०-ई२ हे जेट विमान ताब्यात घेतलं. तारावा आणि किरिसमास थेट जोडायचे, फिजीचा वळसा टाळायचा, हा त्यामागचा एक मोठा विचार होता. पुढच्या तीनच महिन्यांत कोविड आला. देशोदेशींच्या सीमा बंद झाल्या, आणि ज्या देशाचा आतला रस्ता दुसऱ्याच्या अंगणातून जातो त्याचं अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना दिसलं. फिजीचा दरवाजा बंद म्हणजे तारावा-किरिसमासही बंद.

यावर नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे. सात हजार लोकांसाठी जेट विमान? एवढ्या छोट्या देशाने? त्यापेक्षा होतं ते फिजीमार्गे काय वाईट होतं? सीटा भरणार नाहीत, तोटा होईल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. तोटा होईलच. त्या पैशात दवाखाने होतील, पिण्याच्या पाण्याची सोय होईल, हेही खरं. पण मग तोच प्रश्न आपल्याकडच्या रस्त्यांना का विचारत नाही? 'गाव तिथे एस.टी.' म्हणताना आडगावची मुक्कामी गाडी नफ्यात आहे का हे कुणी पाहिलं नव्हतं. त्या गाडीतून पोरं कॉलेजला गेली, बाळंतिणी तालुक्याला गेल्या, टपाल आलं. त्या तोट्याला आपण तोटा म्हटलं तरी गाडी चालू ठेवली, कारण ती गाडी होती म्हणून ते गाव महाराष्ट्रात होतं. भारत सरकारने २०१७ पासून उडान योजनेत छोट्या विमानतळांच्या फेऱ्यांना पैशाची मदत सुरू केली त्यामागेही हाच विचार आहे. ती मदत कुठे पुरली, कुठे नाही, यावर वाद घालता येतो. पण विमानाची फेरी हा काही ठिकाणी रस्ता असतो, ही गोष्ट मान्य झाली. बेटाला तर दुसरा रस्ताच नाही. ताशी दहा नॉट्सच्या जहाजाने हेच अंतर तोडायला सात दिवसांच्या वर लागतात.

म्हणून माझ्या मते दोन गोष्टी व्हायला हव्यात. एक, जे सरकार चालवतात त्यांनी आपल्या लांबच्या बेटाचं अंतर किलोमीटरमध्ये सांगणं बंद करावं. आठवड्याला किती फेऱ्या आणि वाटेत किती परके देश, हे दोन आकडे सांगावेत. ते आकडे सुधारले तर बेट जवळ आलं, नाहीतर नाही.

दुसरी गोष्ट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. अंतर जरूर दाखवा, ते खरं आहे आणि सुंदर आहे. पण जिथे थेट विमान नाही तिथे 'प्रवासाचा वेळ' म्हणून भागाकार छापू नका. 'थेट विमान नाही' हे तीन शब्द लिहायला एक ओळ कोड पुरतो. त्यासाठी वेळापत्रकाची माहिती मिळवावी लागेल, ते काम सूत्रापेक्षा किचकट आहे, मान्य. पण एखाद्या पेशंटला तारावाला न्यायला निघालेल्या माणसाला आपण साडेचार तास सांगणार असू, तर ते सांगण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवलेला बरा.